नाक्यावर दिलेली भाकरी

सेलूला परत येऊन आठ दिवस झाले, तरी दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतंय, "काकू, लेकीकडे काय काय पाहिलं?" मेट्रो पाहिली, नवव्या मजल्यावर राहिले, असं सांगते आणि पुढच्याला पातेली दाखवायला लागते. पण जे खरं पाहिलं ते काउंटरवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून दुपारचं दुकान बंद करून लिहायला बसले आहे. यात माझीच फजिती आहे, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कोणाला हसायचं असेल तर हसा.

माझं भांड्यांचं दुकान आहे. यजमान गेल्यापासून गल्ल्यावर मीच बसते. माझी एकुलती एक मुलगी सुजाता निगडीला असते, जावई प्रशांतराव चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत. त्यांनी तिथल्या प्राधिकरणाच्या वसाहतीत नवीन फ्लॅट घेतला आणि "आई, आता तरी ये" म्हणून इतकं टुमणं लावलं की नऊ दिवसांसाठी शटर ओढलं आणि गेले.

नववा मजला

आमच्या घरात एक पद्धत आहे. सासूबाईंनी मला लावून दिली आणि मी आजवर मोडलेली नाही. तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी दारावर येणाऱ्याची. ती त्याच्या हातात गेल्याशिवाय आपण तोंडात घास घालायचा नाही. सेलूत दारावर येणारे ठरलेले असतात. शनिवारी तेल मागायला लक्ष्मणबुवा येतात, त्यांचा कोणता गुडघा जास्त दुखतो हेही मला माहीत आहे. कोणी नवा आला तर त्याला आधी ओट्यावर बसवायचं, पाणी द्यायचं, कुठले, घरी कोण आहे, जेवलात का, हे सगळं विचारायचं आणि मग द्यायचं. सासूबाई तर इतकं विचारायच्या की कधी कधी मागणारा बिचारा कंटाळून जायचा.

निगडीला पहिल्या सकाळी मी सवयीने पहिली भाकरी झाकून ठेवली. आठ वाजले, नऊ वाजले, बेल काही वाजेना. वाजणार कशी? खाली फाटक, फाटकावर वॉचमन, वॉचमनच्या हातात मोबाईल. लेकीच्या मोबाईलवरून परवानगी आल्याशिवाय माशीसुद्धा वर येत नाही. माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले.

साडेनऊला बेल वाजली. मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन धावले, दार उघडलं आणि समोरच्या माणसाच्या हातात ठेवून मोकळी झाले. सुजाता मागून ओरडली, "आई! अगं ते पार्सलवाले आहेत!"

चाळिशीतला गृहस्थ, पाठीवर ही मोठी पिशवी. तो भाकरीकडे बघतच राहिला, मग हसायला लागला. "द्या काकू, घाईत डबा घरीच राहिलाय माझा." लिफ्टचं दार मिटेपर्यंत त्याने अर्धी खाल्लीसुद्धा. सुजाताने कपाळावर हात मारला. मला मात्र वाटलं, बघा, जमलं की नाही! हीच माझी चूक झाली. पहिल्याच दिवशी खपून गेलं, त्यामुळे मला वाटलं की इथे असंच चालतं.

सिग्नलवरची बिस्किटं

तिकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, म्हणून प्रशांतराव मला गाडीतून गाव दाखवायला निघाले. रस्ते मात्र बघण्यासारखे. दोन्ही बाजूंना झाडं, बंगले, चालायला वेगळी वाट. आमच्याकडे नगरपालिकेच्या निवडणुकीत ज्याची आश्वासनं मिळतात ते इथे खरोखर बांधून ठेवलेलं आहे.

हायवेच्या सिग्नलला गाडी थांबली आणि कडेवर पोर घेतलेली एक बाई काचेवर टकटक करायला लागली. मी पर्स उघडली.

"आई, इथे पैसे द्यायचे नाहीत," प्रशांतराव म्हणाले.

"का बरं?"

"सवय लागते त्यांना. आणि ते पैसे तिच्याकडे राहतात असं वाटतं तुम्हाला? पोर तरी तिचं आहे की नाही कोण जाणे."

"अहो, मी दहा रुपये देतेय, तिची चौकशी लावत नाहीये."

मागच्या सीटवर बसलेली सुजाता म्हणाली, "झालं सुरू!" प्रशांतरावांनी पुढचा कप्पा उघडला. आत बिस्किटांचे पुडे रचून ठेवलेले. पैसे नाही, खायला द्यायचं, हा त्यांचा नियम. काच खाली करून त्यांनी एक पुडा दिला. बाईने तो खांद्यावरच्या झोळीत टाकला आणि मला दिसलं, झोळीत तसलेच पंधरा-वीस पुडे होते.

"दादा, चहाला तरी द्या. नुसती बिस्किटं कशाबरोबर खाऊ?"

मला हसू आवरेना. प्रशांतराव काही बोलणार तोच सिग्नल सुटला. घरी येईपर्यंत आमचा वाद चालला. ते म्हणाले, दिल्याने माणूस तिथेच बसून राहतो. मी म्हटलं, न दिल्याने उठून कुठे कामाला लागलेला मी तरी पाहिला नाही. सुजाता हळूच म्हणाली की ती कधी कधी देते, पण ह्यांना सांगत नाही. त्यावर प्रशांतराव म्हणाले, "मला माहीत आहे."

नाका

शुक्रवारी पहाटेच उठून दोन भाकऱ्या केल्या. फिरायला जाते म्हणून सांगितलं आणि फडक्यात बांधून निघाले. मनाशी ठरवलं, कोणी दारावर येत नाही ना, आपणच जाऊ.

बसस्टँडच्या अलीकडे एका वळणावर आले आणि पायच थबकले. फुटपाथवर तीस-चाळीस माणसं ओळीने बसलेली. म्हातारे, तरणे, बायका, एकीच्या मांडीवर लेकरू. कोणाजवळ गाठोडं, कोणाजवळ मळकी पिशवी. काही उकिडवे, काही भिंतीला टेकून. माझ्या मनात आलं, अरे देवा, एवढे मागणारे! एवढी श्रीमंत वस्ती आणि ही दशा!

दोन भाकऱ्या सगळ्यांना कशा पुरणार? म्हणून ओळीच्या कडेला जो सगळ्यात म्हातारा दिसला त्याच्याकडे गेले. साठी उलटलेली, गाल बसलेले, शर्टाची कॉलर विरलेली, पण दाढी स्वच्छ केलेली. ती दाढी बघूनसुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी भाकरीचं फडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं, वर दहाची नोट ठेवली आणि हात जोडले.

नेमकं त्याच वेळी एक पिकअप येऊन थांबली. सगळी ओळ ताडकन उठली. पुढच्या सीटवरून एक जाडसर माणूस उतरला आणि ओरडला, "दोन गवंडी, चार बिगारी, एक पेंटर!" त्याचं बोट फिरत फिरत आमच्याकडे आलं. "बाबा, तुम्ही पेंटर ना? चला..." आणि मग त्याला त्यांच्या मांडीवरची भाकरी दिसली, नोट दिसली, हात जोडून उभी असलेली मी दिसले.

"अरेच्चा, मागणाऱ्यांतले आहेत होय? मग इथे कशाला बसता? तिकडे देवळाकडे बसा ना." त्याने दुसऱ्या पेंटरला बोलावलं. ओळीतले चार-पाच जण खो खो हसले. पिकअप भरली आणि निघून गेली.

म्हाताऱ्या गृहस्थांनी नोटेची घडी केली, भाकरीच्या फडक्यात खोचली आणि फडकं माझ्या हातात परत दिलं. आवाज चढवला नाही. "बाई, मी रंगारी हाये," एवढंच म्हणाले. मग जरा थांबून, "कामून केलं असं?"

कामून! 'का' म्हणायचा आमच्या सेलूकडचा शब्द, निगडीच्या फुटपाथवर. त्यांच्या पिशवीच्या तोंडातून ओल्या फडक्यात गुंडाळलेले दोन ब्रश दिसत होते, गंज खरवडायची पट्टी दिसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फडकं छातीशी धरून मी वळले.

वळणावरच पोह्यांची हातगाडी होती. गाडीवरच्या बाईंनी सगळं पाहिलं होतं. नाकात नथ, हातात झारा, आवाज असा की अख्ख्या नाक्याला ऐकू जावा.

"ओ आजी! हिकडं या. काय केलंत तुमी हे?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं? हा मजुरांचा नाका हाय. रोज सकाळी लोकं कामासाठी हितं बसत्यात, ठेकेदार येऊन घिऊन जात्यात. कुनी मागनारा हितं बसला तर हीच लोकं त्याला उठिवत्यात. न्हाईतर ठेकेदार हिकडं फिरकायचं न्हाईत."

बाईंचं नाव मंदाबाई. निगडीच्याच जुन्या घरातल्या. जिथे आता बसस्टँड आहे तिथे त्यांची बाजरी पिकायची म्हणे. मुलांच्या इमारती आहेत, भाडं येतं, पण घरात बसून काय करायचं म्हणून ही गाडी. त्यांनीच सांगितलं की त्या गृहस्थांना सगळे किसन पेंटर म्हणतात. बायको आजारी पडली, ती गेली, मागोमाग खोलीही सुटली. आता पुलाखाली झोपतात. मोबाईल होता, तो झोपेत कोणीतरी नेला.

"त्याला ना पत्ता, ना फोन. ठेकेदारानं शोधायचं कुठं? ह्या जागेवर. ही वीतभर जागा हाय म्हनून त्यो पेंटर हाय. आन् तुमी त्याच्या मांडीवर भाकर ठिवली!"

त्या दिवशी मी नाश्ता केला नाही. लेकीला सांगितलं, ॲसिडिटी झाली आहे.

चाकण

शनिवारी प्रशांतरावांना दुपारची शिफ्ट होती, पण सकाळीच कंपनीत एक कागद द्यायचा होता. "चला आई, चाकण दाखवतो," म्हणाले. गाडी नाक्यावरून गेली तेव्हा मी काचेला नाक लावून पाहिलं. ओळ होती, पण किसन पेंटर ओळीत नव्हते. रस्त्याच्या पलीकडे, भिंतीच्या कडेला एकटे बसले होते, पिशवी पायांत धरून. ठेकेदाराची पिकअप अलीकडे थांबली, भरली आणि गेली. पलीकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

म्हणजे ओळीतल्या माणसांनी त्यांना उठवलं होतं. आणि ते माझ्यामुळे.

चाकणचा रस्ता म्हणजे कंटेनरची जत्रा. त्यातून वाट काढत कंपनीच्या फाटकाशी पोचलो. बाहेर वीस-पंचवीस तरुण उभे, हातात प्लास्टिकच्या फायली. माझा हात आपोआप पर्सवर घट्ट झाला. प्रशांतरावांनी ते पाहिलं आणि मोठ्याने हसले. "द्या की आई प्रत्येकाला दहा-दहा रुपये!"

मला भयंकर राग आला, आणि मग रडूच यायला लागलं. ते घाबरले. कागद देऊन आले आणि मला एका मिसळीच्या हॉटेलात घेऊन गेले. तर्री अशी लाल की डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कळू नये. तिथे मी त्यांना नाक्याची सगळी गोष्ट सांगितली.

ते पावाचे तुकडे करायला लागले. मग म्हणाले, "मी डिप्लोमा करून बीडवरून आलो ना, तेव्हा असाच एका फाटकावर चौदा दिवस उभा होतो. मित्राच्या खोलीत राहायचो. तो नाइट शिफ्टला गेला की त्याच्या गादीवर मी झोपायचो. एक दिवस उन्हात बसलो होतो. एका साहेबांनी गाडी थांबवली, काचेतून वीसची नोट दिली, म्हणाले, जा, काहीतरी खा."

"घेतलीत?"

"घेतली. भूक होती ना. वडापाव खाल्ला. पण दुसऱ्या दिवशी त्या फाटकावर जायची हिंमत झाली नाही. दुसरं फाटक धरलं." ते पाणी प्यायले. "तो माणूस वाईट नव्हता आई. भूक लागली आहे हे त्याने बरोबर ओळखलं. पण मी तिथे कशाला बसलोय हे नाही विचारलं."

लग्नाला नऊ वर्षं झाली, सुजाताने कधी हे मला सांगितलं नव्हतं. बहुतेक तिलाही माहीत नसावं. बिस्किटांच्या पुड्यांवरून मी त्यांना किती बोलले होते!

"मग आता काय करणार?" त्यांनी विचारलं.

"त्यांना काम देणार. आपल्या घरात काहीतरी रंगवून घेऊ."

"नवा फ्लॅट आहे, आई. आणि आधार कार्ड दाखवल्याशिवाय वॉचमन कोणाला आत सोडत नाही. त्यांचं मोबाईलबरोबर गेलं असणार."

निघताना बाजारात कांदे घ्यायला थांबलो. चाकणला जाऊन कांदा न घेता परतायचं म्हणजे काय! मी सवयीप्रमाणे भाव पाडायला सुरुवात केली. ढिगामागची बाई खूश होऊन शेजारणीला म्हणाली, "ही आजी घेनार बघ. ज्याला घ्यायचं न्हाई त्यो नुसता भाव इचारून जातो."

मी पिशवी धरून जागीच उभी राहिले. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून हेच तर मी रोज बघते आहे. ज्याला पातेलं खरंच हवं असतं तोच माझ्याशी तासभर भांडतो. भीक घालताना कोणी घासाघीस करत नाही. घासाघीस फक्त कारागिराशी होते.

भरनाक्यात

रविवारी नाका पातळ असतो. मी जाऊन मंदाबाईंना माझा बेत सांगितला. त्यांनी आपल्या गाडीकडे पाहिलं. पत्रा गंजला होता, आधीचा रंग पापडासारखा सुटला होता.

"रंग तर पायजेच व्हता. डबे मी आनते, मजुरी तुमी द्या. पर आजी, भाव पाडायचा तर नीट पाडा. नाटक वाटलं तर त्यो यायचा न्हाई. लई मानी हाय."

"त्याची काळजी नको," मी म्हटलं.

सोमवारी आठ वाजता ओळ भरलेली असताना मी गाडीपाशी उभी राहिले आणि पलीकडे हाक मारली. "अहो पेंटर! लोखंडाचं काम आहे. करणार का?"

चाळीस माना वळल्या. किसन पेंटर पलीकडून माझ्याकडे बघत राहिले. उठेनात. मला वाटलं, संपलं. मग ते उठले, पिशवी उचलली, रस्ता ओलांडला आणि माझ्याकडे न बघता थेट गाडीपाशी गेले. वाकले, खालून पाहिलं, नखाने गंज खरवडला.

"दोन दिवसाचं काम हाये. खरवडावं लागंल, पॉलिशपेपर मारावा लागंल, मग रेडऑक्साईड, मग रंग."

"किती घ्याल?"

"रोजचे नऊशे."

"नऊशे? गाडीला काय सोन्याचा मुलामा देणार आहात? सहाशे."

"सहाशात नुसता ब्रश फिरवून देतो. पापुद्रे आले की मला शोधायचं नाही."

"सेलूत साडेपाचशेत करतात!"

"मग सेलूहून आणा."

ओळीत खसखस पिकली. पण आजचं हसणं माझ्यावर होतं, आणि ते मला फार बरं वाटलं. मी कमरेला पदर खोचला. गंज किती कमी आहे ते मी दाखवलं, किती खोल आहे ते त्यांनी दाखवलं. मी सातशेवर आले. त्यांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, "मग दुसरा बघा," आणि खरंच चालायला लागले.

जास्तच ताणलं की काय मी? इतक्यात ओळीतला एक गवंडी, परवा सगळ्यांत मोठ्याने हसलेला, ओरडला, "ओ मावशी, किसनभाऊचा हात हाय त्यो! आठशे तरी बोला राव!"

"साडेसातशे," मी म्हटलं.

"आठशे," किसन पेंटर वळून म्हणाले, "अन् दुपारचा चहा."

"दोन्ही दिवस?"

"दोन्ही दिवस."

"झालं. पण हात फिरवलाय असं दिसलं पाहिजे हं."

तेव्हा कुठे त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. त्यांनी पिशवीतून पट्टी काढली आणि पोहे संपायची वाट बघत बसले, गाडीशेजारी, ओळीत.

मोरपंखी

दहाला गाडी रिकामी झाली की काम सुरू व्हायचं. दोन्ही दिवस मी तिथेच स्टुलावर बसून होते. काम बघायला म्हणून, पण खरं म्हणजे माझा पाय निघत नव्हता. काय हात होता! ब्रश एकदा टेकला की या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात जायचा, कुठे ओघळ नाही. पहिल्या दिवशी रेडऑक्साईडने गाडी विटकरी झाली आणि दुसऱ्या सकाळी नाक्यावरच्या लोकांनी मंदाबाईंची खूप थट्टा केली. दुसऱ्या दिवशी मोरपंखी रंग चढला. तो मंदाबाईंनी हट्टाने आणलेला. मी कौतुकाने बघायला वाकले आणि पदर ओल्या पत्र्याला चिकटला. चांगल्या साडीवर तळहाताएवढा मोरपंखी डाग. अजून आहे, दुकानात या, दाखवते.

"म्हनून म्हनलं होतं लांब बसा," किसन पेंटर म्हणाले आणि हसले.

ते हसले म्हणून धीर झाला. मी म्हटलं, "परवाचं फार चुकलं माझं. आमच्याकडे दारावर..."

"माहिती हाये मला, तिकडं कसं असतं ते."

म्हणजे माझ्या बोलीवरून त्यांनीही ओळखलं होतं. कोणतं गाव ते मी विचारलं नाही. सांगायचं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

"मग इथे कोणाला द्यावं आणि कोणाला नाही?" मी विचारलं. "जावई म्हणतात, देऊच नये."

त्यांनी ब्रश डब्याच्या काठाला पुसला. "द्यावं की. पुलाखाली माझ्या शेजारी मागणारी म्हातारी झोपती, तिला दिसत नाही. काम लागलं त्या दिवशी म्याबी तिला देतो. तिला पायजे असतं, ती घेती. मला काम पायजे होतं."

"पण ओळखायचं कसं?"

"ओळखायचं कामून? इचारावं. तोंड हाये की."

सासूबाई ओट्यावर बसवून इतकं का विचारायच्या, ते मला आत्ता कळलं. सेलूत मी कधी न विचारता दिलं नाही. निगडीत आले आणि जमिनीवर बसलेला तो मागणारा, असं धरून चालले.

निघताना

गुरुवारी प्रशांतराव मला स्टेशनवर सोडणार होते. सकाळी उठून भाकरी केली, फडक्यात बांधली. वाटेत पुलाखाली जाऊन त्या म्हातारीला द्यावी, आधी विचारावं आणि मग द्यावी, असा विचार होता. पण आधी नाक्यावर थांबायचं म्हटलं.

मोरपंखी गाडी उन्हात अशी दिसत होती की रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. किसन पेंटर ओळीच्या कडेला आपल्या जागेवर बसले होते. सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. झोपायला पूल तोच, मोबाईल नाहीच. पण जागा परत मिळाली होती.

शुक्रवारचा तोच ठेकेदार गाडीवर पोहे खात होता. पत्र्यावरून बोट फिरवून म्हणाला, "कोणी केलं हो हे काम?"

मंदाबाईंनी झारा रोखला. "ज्याला तुमी देवळाकडं धाडला व्हता, त्यानं."

ठेकेदार वरमला. ओळीकडे बघून म्हणाला, "बाबा, एका बंगल्याचं फाटक आहे, तीन दिवसांचं काम. येता का?"

"काय द्याल?" किसन पेंटर म्हणाले. ओळीतून कोणीतरी शिट्टी मारली. भाव ठरला. प्रशांतराव गाडीतून उतरून हे सगळं बघत उभे होते.

"दोन मिनिटं थांबा," किसन पेंटर ठेकेदाराला म्हणाले आणि माझ्याकडे आले. "चाललात?"

"हो. निघाले."

"नाश्ता झाला का?"

"नाही अजून."

"तिखट चालतं?"

"चालतं."

ते मंदाबाईंकडे वळले. "एक प्लेट द्या यांना. पैसे माझे."

"अहो, नको नको..." माझ्या ओठांवर आलंच होतं. भाकरी अजून पिशवीत होती, कोणाला दिलेली नव्हती. आणि ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्या पैशाने मी खायचं? मंदाबाईंनी प्लेट पुढे केली. माझा हात पुढे जाईना. चाळीस माणसं बघत होती, ठेकेदार बघत होता, जावई बघत होते. सगळ्यांदेखत हात पुढे करणं किती जड असतं, ते मला त्या दिवशी कळलं. आणि यांनी तर मला विचारून दिलं होतं. मी तेवढंही केलं नव्हतं.

मी प्लेट घेतली. दोन्ही हातांनी घेतली. लग्न होऊन सेलूच्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, केलेली भाकरी कोणाला न देता मी दिवसाचा पहिला घास तोंडात घातला. पोहे गरम होते, वर लिंबू पिळलेलं होतं. ठेकेदाराने दोनदा हॉर्न वाजवला, पण माझी प्लेट संपेपर्यंत किसन पेंटर तिथून हलले नाहीत.